मालकीण पुढच्या सीटवर

"सही इथं करायची, आणि मागच्या पानावर इथं," मी म्हणाले आणि पेन पुढे केलं.

राजमतीकाकींनी पेन घेतलं नाही. ओले हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "आधी गाडीत बसू दे. मग सहीचं बघू."

"आता गाडीत काय बसायचंय?" त्यांचे यजमान, नेमगोंडा चौगुले, ज्यांना सगळी इचलकरंजी अण्णा म्हणायची, ते खुर्चीतूनच म्हणाले. "मी बसून आलोय की कोल्हापुरात. झ्याक हाय गाडी."

"तुम्ही बसलासा. मी कुठं बसलो?"

आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी बसलो' असंच म्हणतात, त्यात काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते काकींचा आवाज. घरामागेच अण्णांची मागांची शेड होती, दिवसभर खडखडाट चालू. त्यामुळे त्या घरात सगळे मोठ्यानेच बोलायचे. साधं मीठ मागायचं तरी भांडण चाललंय असं वाटायचं. काकी मात्र हे हळू आवाजात बोलल्या होत्या, तरी ते नीट ऐकू आलं.

ही दोन हजार पाच सालातली गोष्ट. मी कोल्हापुरात टोयोटाच्या शोरूममध्ये गाड्या विकायचे. वडिलांचं मंगळवार पेठेत ड्रायव्हिंग स्कूल, त्यामुळे स्टिअरिंग माझ्या हातात लवकर आलं आणि तोंड तर त्याच्याही आधी चालायला लागलं होतं. या दोन भांडवलांवर मला ती नोकरी मिळाली. त्या वर्षी क्वालिस बंद झाली होती. चांगली खपणारी गाडी कंपनीने आपणहून बंद केली, हे लोकांच्या पचनी पडत नव्हतं. तिच्या जागी इनोव्हा आली होती आणि अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर गाडी दारात हवी म्हणून रांग लागली होती. अण्णा त्या रांगेत पहिल्या पाचांत होते. जुनी क्वालिस द्यायची, इनोव्हा घ्यायची, एवढा साधा व्यवहार.

अडचण एकच. क्वालिस काकींच्या नावावर होती. तीच काय, शेड, माग, घर, सगळंच काकींच्या नावावर. वकिलांनी कधीकाळी तसा सल्ला दिला आणि अण्णांनी तो पाळला, झालं. "या घरात मी भाडेकरू हाय बघ," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. त्यांनी तो विनोद इतक्या वेळा केला असणार, की त्यात खरं काही आहे हे ते साफ विसरून गेले होते.

आणि खरं सांगायचं तर काकींना चिडवायचं काम मीच केलं होतं. जुनी गाडी घेताना मालकाला तिचा अनुभव विचारायचा, अशी आमच्या शोरूमची रीत. सहीचे कागद काढण्याआधी मी अण्णांना विचारलं. अण्णा तासभर बोलले. क्वालिसने कधी रस्त्यात उभं केलं नाही, घाटात कधी तापली नाही, तिरुपतीला जाऊन आली तरी दुसऱ्या दिवशी हुपरीला जायला तयार. मग त्यांनी कंपनीचा इतिहास काढला. तो खरं तर मी सांगायचा असतो.

"हे लोक मूळचे आपल्यातलेच," अण्णा म्हणाले. "म्हाईत हाय का? मोटारी नंतर. आधी हे माग करायचे, माग. तो साकिची टोयोडा सुताराचा पोरगा. गावातल्या बाया दिवसभर हातमागावर बसून दमायच्या, ते बघून त्यानं पहिला माग केला."

"त्याची आईसुद्धा विणायची," मी ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं पुढं जोडलं. "आईचे कष्ट कमी व्हावेत म्हणून त्यानं ते सगळं केलं, असं सांगतात."

चहा घेऊन आलेल्या काकी दारातच थांबल्या. "आईसाठी?"

"हो, काकी. मोटारी पुढे त्याच्या मुलानं काढल्या."

मग मी उगाच खोडी काढली. "अण्णांचं झालं. आता खऱ्या मालकीणबाई सांगा. गाडीबद्दल समाधानी आहात ना?"

अण्णा हसले. काकी हसल्या नाहीत. त्यांनी चहा ठेवला, बशी पुसली आणि मला म्हणाल्या, "जरा आत ये बघू."

स्वयंपाकघरात भाकरीचा तवा तापलेला होता. काकी मला पाटावर बसवून थेट मुद्द्यावर आल्या. "तुझ्या कंपनीत गिऱ्हाइकाला गाडी फिरवून आणत्यात म्हणं?"

"हो की. टेस्ट ड्राइव्ह."

"गिऱ्हाईक म्हणंल तिकडं नेतासा?"

"नेतो."

"मग मला अव्वाकडं ने."

अव्वा म्हणजे त्यांची आई. माहेर दूधगंगेच्या पलीकडे, कर्नाटकात. गाडीने तासभराचं अंतर, आणि चार वर्षं काकी तिथं गेलेल्या नव्हत्या. भावाच्या मुलाच्या लग्नात काय झालं ते त्यांनी भाकरी थापता थापता सांगितलं. क्वालिस नुकतीच आली होती. वरातीला आपलीच गाडी, असं अण्णा महिनाभर सगळ्यांना सांगत होते. लग्नाच्या दिवशी बघतात तर फुलं लावून उभी होती कुणाची तरी जुनी जीप. अण्णांची क्वालिस गोठ्याच्या बाजूला सावलीत. अण्णा दारातल्या मांडवात उभे राहून म्हणाले, या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही, आणि काकींना घेऊन निघून आले.

"एकटं जाऊ नको असं न्हाई म्हणाले," काकी म्हणाल्या. "पण त्येंनी चारचौघांत तसं बोलून टाकल्यावर मी एसटीनं कसं जायचं? भावानं तरी काय समजायचं? तिकडून सांगावा येतोय, अव्वाची नजर गेली. आता उठवत पण न्हाई. मला मालकीण म्हणतीस ना? मग तेवढं कर माझं."

मी हो म्हणाले. चोवीस वर्षांच्या मुलीला जगातल्या सगळ्या भांडणांवर गाडी हाच इलाज वाटतो. शिवाय सही हवी होती. ती नाही मिळाली तर मॅनेजरने माझी रवानगी रिसेप्शनवर करायचं ठरवलेलंच होतं.

बाहेर सहीवरून ते बोलणं झालं, पण काकींनी जेवल्याशिवाय निघू दिलं नाही. जेवणं आटोपून आम्ही बाहेर आलो, तोवर दुपार कलली होती. शोरूमची इनोव्हा लिंबाखाली उभी होती. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले तेव्हा अण्णा सवयीने पुढचं दार उघडायला गेले. पण काकी आधीच तिथं पोचल्या होत्या.

"बाईच्या शेजारी मी बसतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागं बसा ऐसपैस."

अण्णा मागे बसले. चार वर्षांत काकी स्वतःच्या गाडीत पुढे कधी बसल्या नव्हत्या. पुढे अण्णा, नाहीतर मुलगा, नाहीतर कुणीतरी पाहुणा. त्यांनी पट्टा लावून घेतला, पाय लांब केले आणि समोरच्या काचेतून इचलकरंजी बघायला लागल्या.

गाडीच्या काचा बंद, एसी चालू, आवाज कसला नाही. तरी अण्णा शेडमध्ये असल्यासारखे ओरडत होते. "बघितलंस का, मागं पण गार हवा येती! क्वालिसला हे नव्हतं हां."

"कुठं जायचं, काकी?" मी विचारलं.

"चल सरळ. बोरगावच्या रस्त्यानं."

"त्या रस्त्यानं कशाला?" अण्णा म्हणाले. "कोल्हापूरच्या रस्त्याला घे, पळवून दाखव जरा."

"खराब रस्त्यावर बघू द्या की कशी चालती," काकी म्हणाल्या, आणि अण्णांना ते पटलं. गाडीची परीक्षा म्हटल्यावर त्यांना काहीही पटायचं. पाच-दहा मिनिटं ते खड्डे मोजल्यासारखे गप्प बसले, मग सस्पेन्शनचं कौतुक सुरू झालं. कर्नाटकची पाटी मागे पडली, कानडी बोर्ड दिसायला लागले, तरी त्यांच्या लक्षात नाही. मला मात्र शोरूमची गाडी राज्याच्या हद्दीबाहेर न्यायची परवानगी नव्हती.

दूधगंगेचा पूल दिसला आणि अण्णांचा आवाज बंद झाला. आरशात मी त्यांच्याकडे बघितलं. ते पुलाकडे बघत नव्हते, काकींच्या मानेकडे बघत होते.

"रेवती, गाडी फिरव," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू.

"सरळ," काकी म्हणाल्या.

मी वेग कमी केला. मागून एक ट्रॅक्टर हॉर्न देत होता. पुलाच्या तोंडाशी गाडी जवळजवळ उभी राहिली आणि मला कळलं, की आता दोघांनाही उत्तर मलाच द्यायचंय.

"अण्णा," मी म्हणाले, "टेस्ट ड्राइव्ह मालकाला द्यायची असते. तुमच्याच कागदावर मालक त्या आहेत."

"हे तू बोलतीस का ती बोलवतीया?"

"मीच बोलतोय," काकी मागे न वळता म्हणाल्या. "अहो, तुम्ही काय म्हणालासा त्या दिवशी? उंबऱ्याला पाय लावणार न्हाई. लावू नका. मी काय तुम्हाला उतरा म्हणतोय? गाडीत बसा. एसी हाय. मी अव्वाला बघून येतो. ती गेल्यावर मला नेलासा, तर मी त्या गाडीत बसणार न्हाई. सांगून ठेवतो."

मागचा ट्रॅक्टरवाला शिव्या देत बाजूने निघून गेला. शेवटी अण्णांनी हाताने पुढे जा अशी खूण केली, ती मी आरशात पाहिली. मी गिअर टाकला. पुलावर काकींनी खिडकी खाली केली आणि गार हवा सगळी बाहेर गेली.

घर गावाच्या सुरुवातीलाच होतं. दगडी जोतं, समोर कडबा, एक म्हैस. गाडी थांबता क्षणी काकी उतरल्या आणि आत जवळजवळ धावत गेल्या. मग आतून रडण्याचा आवाज आला, आधी एकीचा, मग दोघींचा. मला उतरावं की बसावं कळेना. अण्णा समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले होते.

थोड्या वेळाने जिनाप्पा, काकींचे भाऊ, बाहेर आले. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला टॉवेल. हातात तांब्या आणि पेला. ते गाडीशी आले, पण अण्णांच्या खिडकीशी नाही, माझ्या.

"बाई, पाणी घ्या," ते म्हणाले. मग माझ्याकडेच बघत, "पावण्यांस्नी पण इचारा."

मी मागे वळले. "अण्णा, पाणी?"

"त्याला सांग, तहान न्हाई."

गाडीत तीन फुटांवर बसलेल्या माणसाचा निरोप मी खिडकीबाहेरच्या माणसाला पोचवला. पुढचा अर्धा तास मी हेच केलं. एका बाजूला मेहुणा, दुसऱ्या बाजूला मेहुणा, आणि मध्ये टेलिफोन एक्स्चेंज म्हणून मी. जिनाप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला हात लावला.

"नवी म्हणायची. इचारा, क्वालिस काय झाली?"

अण्णांना राहवलं नाही. "त्याला सांग, क्वालिसला काय धाड भरली न्हाई. अजून नव्यागत हाय. चार वर्षांत एक ओरखडा न्हाई तिच्या अंगावर. कुठल्याबी जीपपेक्षा बरी."

तो शब्द आला तसा जिनाप्पांचा हात टायरवरून निघाला. ते सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघून बोलायला लागले, पण आवाज खिडकीतून पार मागच्या सीटपर्यंत जाईल असा.

"बाई, पावण्यांस्नी एवढं सांगा. पोरीकडच्या गावाला तेव्हा रस्ता करायचं काम चाललं होतं. सगळी खडी पसरलेली, दोन्ही बाजूला बाभळी. पावण्यांच्या गाडीच्या सीटचं प्लॅस्टिकपण अजून निघालं नव्हतं. धाकट्याला जीपमधनं पाठवून रस्ता बघून आणला मी. खडी उडून काच फुटली असती, बाभळीनं रंग गेला असता, तर मी काय तोंड दाखवलं असतं? लोकांची जीप आणली ती त्यासाठी. क्वालिस सावलीत लावली ती पण त्यासाठी. गाडीवर उन्हाचा डाग नको म्हणून."

मी मागे वळून काही सांगायच्या भानगडीत पडले नाही.

गाडीवर एवढा जीव असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यामुळे ते बोलणं अण्णांना जितकं कळलं, तितकं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. परत घातला आणि पुन्हा काढला.

"मग सांगायचं न्हाई व्हय?" ते म्हणाले. चार वर्षांतला त्यांचा जिनाप्पांशी पहिला शब्द तो.

"सांगायला थांबलासा कुठं?"

उतरणं मात्र अण्णांना जमत नव्हतं. मांडवात शंभर माणसांसमोर तोंडातून गेलेला शब्द एका खुलाशाने परत कसा घ्यायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते सीटच्या कडेला येऊन बसले, दार उघडलं, एक पाय बाहेर काढला आणि तो तसाच हवेत ठेवला. जिनाप्पा बघत राहिले. मीही बघत राहिले. मला मनापासून त्यांची दया आली.

जिनाप्पा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातांवर एक म्हातारी होती, लहान मुलीएवढी, पांढऱ्या लुगड्यातली. मागून काकी तिचे पाय सावरत येत होत्या. अण्णांनी पाय आत घेतला आणि पलीकडे सरकले. जिनाप्पांनी अव्वाला त्यांच्या शेजारी सीटवर बसवलं, पाठीशी उशी दिली.

अव्वाला दिसत नव्हतं. तिने हात पुढे केला, तो आधी सीटवर फिरला, मग अण्णांच्या खांद्यावर, मग गालावर. गालावर तो बराच वेळ राहिला. मग ती कानडीत काहीतरी म्हणाली. हलक्या आवाजात, एकच वाक्य.

अण्णांना कानडी येत होतं, पण ते काकींकडे बघायला लागले, जणू आपण ऐकलं ते खरं का हे विचारत होते.

मी विचारलं, "काय म्हणतात?"

काकी दाराला धरून उभ्या होत्या, त्या अण्णांनाच म्हणाल्या, "इचारती, जेवलासा का. त्या दिवशी मांडवातनं तुम्ही उपाशी उठलासा. जावई माझ्या दारातनं उपाशी गेला म्हणून चार वर्षं घोकत बसलीया. आत पण मला पहिलं हेच इचारलं."

दुपारी आम्ही तिघं भाकरी, आमटी, वांग्याची भाजी आणि वर आमरस असं गळ्याशी येईपर्यंत जेवून निघालो होतो. अण्णांनी तर रस तीनदा घेतला होता.

अण्णांनी अव्वाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "न्हाई, अव्वा," ते म्हणाले. "न्हाई जेवलो अजून."

आणि ते रडायला लागले. एवढा मोठा माणूस, दहा जणांना दरडावणारा, नव्या गाडीच्या सीटवर ढसाढसा रडत होता आणि म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मग तिने ओठ घट्ट केले आणि जिनाप्पांना रागावून काही सांगितलं. ते मला कुणी उलगडून सांगायची गरज पडली नाही. जैनांच्या घरी दिवस बुडल्यावर जेवत नाहीत आणि ऊन आता कडब्याच्या गंजीवर चढलं होतं. जिनाप्पा "पानं घ्या" म्हणत आत पळाले. काकी त्यांच्या मागे. आत भांडी वाजायला लागली.

अण्णा उतरले. त्यांनी जिनाप्पांना हाक मारली नाही, कुणाची वाट पाहिली नाही. वाकून अव्वाला उचललं आणि तिला घेऊन ते पायऱ्या चढले. उंबऱ्यापाशी जरासे थांबले असं मला वाटलं, पण ते डोकं आपटू नये म्हणून अव्वाला सावरत होते. मग आत गेले.

ती सही मला मिळाली नाही. परतीच्या वाटेवर काकींनी सांगून टाकलं, की क्वालिस मी देत नाही, मला ती लागणार आहे, ज्यांना नवी हवी त्यांनी आपल्या नावावर घ्यावी. अण्णांनी घेतली, पुढच्या वर्षी. मॅनेजरचं ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेतलं.

पण मला त्या दिवसातलं आठवतं ते जेवण. जमिनीवर पानं मांडली होती. मलाही बसवलं, नाही म्हणायची सोय नव्हती. अण्णांच्या डाव्या हाताला भिंतीला टेकवून अव्वाला बसवलं होतं. पुरण शिजवायला वेळ नव्हता, म्हणून गूळ घालून पोळ्या केल्या होत्या, वर तूप. मला दुसरा घास गिळवत नव्हता. अण्णांचा चेहरा लाल झालेला, कपाळावर घाम, पण ते जेवत होते. अव्वा मध्येच हात पुढे करून त्यांच्या ताटावर हलकेच फिरवायची, वाढलेलं आहे ना, संपलंय ना, ते बोटांनी बघायची.

एकदा तिच्या बोटांना ताट रिकामं लागलं. ती काही म्हणायच्या आत अण्णा आतल्या दाराकडे वळून शेडमधल्या आवाजात म्हणाले, "आणि एक वाढा."